काकांच्या प्रोसिजर, नवी एंटिटी फ्रेमवर्क आणि भांडुपची चार मिनिटं

पत्र

ताई, नमस्कार. मी डोंबिवलीला राहतो, अंधेरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सहा वर्षं काम करतोय. मला अरे-तुरे केलंत तर बरं वाटेल. सध्या आम्ही एका पतसंस्थेचं जुनं सॉफ्टवेअर नव्याने लिहितोय. हेड ऑफिस लालबागला, शाखा चार, सभासद अकरा हजारांच्या आसपास, डेटाबेस मायक्रोसॉफ्टचा सीक्वेल सर्व्हर. ॲप शाखेतल्या मशीनवर चालतं आणि व्हीपीएनवरून (इंटरनेटवरच्या खासगी जोडणीवरून) थेट लालबागच्या सर्व्हरशी बोलतं. जुनं सगळं व्हीबी सिक्स या जुन्या भाषेत आणि स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या आतच साठवलेल्या कोडमध्ये आहे. ते आमच्या सीनियरनी लिहिलंय, त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांचं म्हणणं, ॲपमध्ये एकही क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) नको, सगळं प्रोसिजरमध्येच. वर्षभरापूर्वी टीममध्ये आलेली मुलगी म्हणते, सगळं एंटिटी फ्रेमवर्कमध्ये करू, ती डेटाबेसची भाषा, एसक्यूएल, स्वतःच बनवते, आजकाल हाताने एसक्यूएल कोण लिहितं? मला स्वतःला डॅपर आवडतं, त्यात एसक्यूएल आपणच लिहायचं.

थकबाकीदारांची यादी मी एंटिटी फ्रेमवर्कमध्ये लिहिली. कर्जखाती ४,२००. ऑफिसात आमच्याच सर्व्हरवरच्या कॉपीवर ती १२-१३ सेकंदांत येते. भांडुप शाखेत ४ मिनिटांच्या वर लागतात. काका म्हणाले, "मी सांगितलं होतं." साहेबांनी सोमवारपर्यंत एकच पद्धत ठरवायला सांगितलंय. डेटाबेसकडे गेलेल्या क्वेऱ्यांचा लॉग सोबत जोडतोय. कोणती निवडू?

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर

तुझं पत्र नंतर नीट वाचलं. आधी लॉग उघडला आणि त्यातल्या क्वेऱ्या मोजल्या. १२,६०१ आहेत.

पहिली क्वेरी सगळी कर्जखाती आणते, सभासदाच्या नावासकट. ते तू इन्क्लूड (जोडलेली माहिती त्याच क्वेरीत मागवायची सोय) लावून बरोबर केलंस. पण पुढे लूपमध्ये प्रत्येक खात्यासाठी तीन क्वेऱ्या जातात: हप्त्यांची, जामीनदारांची, पाठवलेल्या नोटिसांची. ४,२०० गुणिले ३, अधिक पहिली एक. आता ऑफिसातल्या नेटवर्कवर एका फेरीला १ मिलिसेकंद धर, म्हणजे साडेबारा सेकंद झाले. भांडुपहून लालबागला व्हीपीएनवरून जाऊन यायला २० मिलिसेकंद धर, म्हणजे २५२ सेकंद. ४ मिनिटं १२ सेकंद. तुझे दोन्ही आकडे जुळतात. त्या चार मिनिटांत लालबागचा सर्व्हर बहुतेक वेळ रिकामा बसलेला असतो. वेळ जातो तो रस्त्यात.

जुन्या पतपेढीत कारकुनाला थकबाकीची यादी करायला सांगितली, तर तो एकेका नावासाठी उठून कपाटाकडे जायचा नाही. खतावणी टेबलावर घेऊन बसायचा आणि एका बैठकीत यादी उतरवायचा. तुझा कोड प्रत्येक नावासाठी तीनदा कपाटाकडे जातोय. तू तसं लिहिलेलं नाहीस हे मला दिसतंय. तुमच्या प्रोजेक्टमध्ये कोणीतरी लेझी लोडिंग चालू केलंय. एंटिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये ते आपोआप चालू नसतं, प्रॉक्सीचं वेगळं पॅकेज घालून चालू करावं लागतं. ते चालू असलं की कोडमध्ये नुसतं "कर्जाचे हप्ते" म्हटलं तरी मागे एक क्वेरी निघते, आणि ती वाचणाऱ्याच्या डोळ्याला दिसत नाही. पॅकेज काढून टाक. मग चूक लपणार नाही, जे मागवलं नाहीस ते येणारच नाही.

आता हाच लूप तू डॅपरमध्ये लिहिला असतास तर? १२,६०१. प्रत्येक खात्यासाठी काकांच्या तीन प्रोसिजर बोलावल्या असत्यास तर? तरीही १२,६०१, आणि भांडुपला तीच चार मिनिटं. काकांची जुनी यादी लवकर यायची कारण ती एका फेरीत यायची. ती प्रोसिजर होती म्हणून नव्हे. या दुखण्यावर पद्धत बदलणं म्हणजे दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला.

दुरुस्ती करताना एक सांभाळ. तिन्ही गोष्टींना इन्क्लूड लावून एकच मोठी क्वेरी करू नकोस. एका कर्जाचे ३६ हप्ते, २ जामीनदार, ३ नोटिसा असतील तर जोडणीतून त्या एका कर्जाच्या २१६ ओळी तयार होतात. ४,२०० कर्जांच्या ९ लाख ७ हजार २००. फेरी एक, पण पोतं एवढं की व्हीपीएनवर तेही रखडेल. एंटिटी फ्रेमवर्क कोअर ५ पासून अशी क्वेरी तुकड्यांत पाठवायची सोय आहे, स्प्लिट क्वेरी म्हणतात. पण यादीला मुळात लागतं काय? नाव, थकलेली रक्कम, किती हप्ते थकले, जामीनदारांची नावं, शेवटच्या नोटिशीची तारीख. हप्त्यांची बेरीज सर्व्हरलाच करू दे. सिलेक्टमध्ये नेमके हेच रकाने माग, म्हणजे ४,२०० कर्जांचा आटोपशीर मजकूर एक-दोन फेऱ्यांत येईल. अख्ख्या एंटिटी, म्हणजे पूर्ण नोंदी, उचलायच्याच नसल्यामुळे ट्रॅकिंगचा (त्यांच्यातले बदल टिपत राहण्याचा) भारही उरत नाही. मग तयार झालेलं एसक्यूएल छापून स्वतः वाच. याच यादीवरून पुढे सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्यासाठी अर्ज जातात, जामीनदाराच्या घरी कागद पोचतो. ती कुठल्या अटींवर बनली हे तुला तोंडपाठ असायला हवं.

यादीचा विषय इथे संपला. मला खरी काळजी वाटते ती वेगळ्या ठिकाणची, आणि तिचा तुझ्या पत्रात उल्लेखही नाही.

यादी उशिरा आली तर मॅनेजर चिडतो. पैसे काढताना शिल्लक चुकली तर कोणाच्या तरी घरचे पैसे चुकतात. असं धर की नवरा-बायकोचं संयुक्त बचत खातं आहे, शिल्लक १०,०००. बायको लालबागच्या काउंटरवर ८,००० काढायला उभी आहे, नवरा भांडुपला ७,०००. दोन्ही मशीननी खातं वाचलं, दोघांना १०,००० दिसले, दोघांची वजाबाकी ॲपमध्ये झाली. लालबागने २,००० लिहिले, पाठोपाठ भांडुपने ३,००० लिहिले. १०,००० असलेल्या खात्यातून १५,००० गेले आणि खात्यावर ३,००० शिल्लक दिसते. कुठेही एरर नाही. संध्याकाळी रोकड जुळवताना रोखपालालाही काही सापडणार नाही, कारण त्याच्या पेटीतून जेवढे गेले तेवढेच त्याच्या वहीत आहेत.

एंटिटी फ्रेमवर्क तुला यातून आपोआप वाचवत नाही. ती जे अपडेट पाठवते त्यात अट फक्त प्रायमरी कीची (ओळीच्या ओळख-क्रमांकाची) असते. शेवटी लिहिणारा जिंकतो. खात्याच्या टेबलात रोव्हर्जनचा (दर बदलाला आपोआप बदलणारा) कॉलम घालून तो कन्करन्सी टोकन, म्हणजे मधे कोणी ओळ बदलली का ते तपासायची खूण, म्हणून सांगितलास, तर दुसऱ्या अपडेटला एकही ओळ सापडत नाही आणि एक्सेप्शन येतं. मग खातं पुन्हा वाचून पुन्हा ठरवायचं. माझ्या मते पतसंस्थेसाठी याहून साधा आणि भक्कम मार्ग म्हणजे एकच अपडेट: शिल्लक बरोबर शिल्लक उणे रक्कम, जिथे खाते क्रमांक हा आणि शिल्लक रकमेइतकी किंवा जास्त. किती ओळी बदलल्या ते बघ. शून्य असेल तर "शिल्लक अपुरी". जमा-नावेच्या दोन्ही नोंदी त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं होईल किंवा काहीच होणार नाही. वजाबाकी सर्व्हरवर होते, मधे वाचून ठेवलेला शिळा आकडा नाही. काकांच्या पैसे काढायच्या प्रोसिजरमध्ये असंच लिहिलंय का बघ. असेल तर तिला हात लावू नकोस. आधी शिल्लक व्हेरिएबलमध्ये घेऊन मग अपडेट करत असेल, तर तिच्यातही हीच फट असू शकते, आणि ते काकांना नीट दाखव.

इथे मी पूर्णपणे काकांच्या बाजूने आहे, पण त्यांच्या कारणासाठी नाही. प्रोसिजर आधीच कंपाइल असते म्हणून वेगवान, हे त्या काळी आम्ही सगळेच म्हणायचो. सीक्वेल सर्व्हर कित्येक वर्षांपासून पॅरामीटर लावून (बदलणारे आकडे आणि नावं वेगळी पाठवून) आलेल्या साध्या क्वेरीचा प्लॅनही, म्हणजे ती चालवायची आखणीही, जपून ठेवतो. वेगाचा मुद्दा सोड. तुमच्या बाबतीत मुद्दा परवानगीचा आहे. ॲप शाखेच्या मशीनवरून थेट डेटाबेसशी बोलतं, म्हणजे लॉगिनही शाखेतच आहे. पैशांच्या टेबलांवर एंटिटी फ्रेमवर्कने लिहायचं तर त्या लॉगिनला टेबल बदलायचा हक्क द्यावा लागेल. लॉगिनचा तपशील असलेली ती कनेक्शन स्ट्रिंग ज्याच्या हाती लागली, तो दुसऱ्या कुठल्याही टूलमधून शिल्लक बदलू शकेल. प्रोसिजर असेल तर लॉगिनला फक्त ती चालवायचा हक्क द्यायचा, टेबलाचा दरवाजा बंद. पुढे डेटाबेसच्या शेजारी एक सर्व्हिस उभी करा आणि शाखांना तिच्याशी बोलू द्या, तेव्हा याचा नव्याने विचार करता येईल.

काकांचं चुकतं ते दुसरीकडे. अशा जुन्या डेटाबेसमध्ये मी पाहिलंय: व्याज, व्याज_नवीन, व्याज_नवीन_२ अशा तीन प्रोसिजर, आणि त्यातली कोणती चालू हे एकाच माणसाला माहीत. गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, काही नाही. तो माणूस रजेवर गेला की संस्था अडून बसते.

आणि सभासद नोंदणी, वारसदार, पत्ते, केवायसीची कागदपत्रं, असे साठ रकान्यांचे फॉर्म प्रोसिजरमध्ये लिहिणं म्हणजे श्रमच श्रम. इथे तुमची ती मुलगी बरोबर आहे. एंटिटी फ्रेमवर्कमध्ये क्लासमधलं नाव बदललं की कोड कंपाइल होतानाच सगळ्या जागा ओरडतात. हाताने लिहिलेल्या एसक्यूएलमध्ये ते ग्राहकाच्या काउंटरवर कळतं. फक्त "हाताने एसक्यूएल कोण लिहितं" हे तिने सोडून द्यावं असं मला मनापासून वाटतं. कॉडने रिलेशनल मॉडेल मांडलं १९७० मध्ये, आयबीएममध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्यावरची भाषा मांडली १९७४ मध्ये. मग डेटाबेसशी बोलायची साधनं येत गेली: ओडीबीसी १९९२ ला, एडीओ १९९६ ला, एडीओ डॉट नेट २००२ ला, एंटिटी फ्रेमवर्क २००८ ला, आणि तिचं कोअर रूप २०१६ ला. यातली बरीच मी शिकले, वापरली, काही सोडूनही दिली. आत जाऊन बोलायची भाषा तीच राहिली. जी मुलगी एंटिटी फ्रेमवर्क इतक्या आवडीने वापरते, तिने ती काय एसक्यूएल बनवते हे वाचायला शिकलं तर ती तुम्हा तिघांत सगळ्यात पुढे जाईल.

तुझ्या डॅपरबद्दल. ते स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या लोकांनी २०११ मध्ये बाहेर आणलं, लिंक टू सीक्वेल या मायक्रोसॉफ्टच्या साधनामुळे त्यांच्या सर्व्हरवर पडणारा भार त्यांना कमी करायचा होता. चांगलं हत्यार आहे. एसक्यूएल तू लिहायचं, निकालाच्या ओळी क्लासमध्ये भरायचं काम त्याचं. वार्षिक अहवाल, लाभांशाचा तक्ता, जिथे क्वेरी पन्नास ओळींची आहे आणि ऑडिटर विचारणार आहे की हा आकडा कुठून आला, तिथे मी डॅपरच घेईन. पण तुमच्या डेटाबेसमध्ये त्याचा एक खड्डा आहे, तो आत्ताच सांगून ठेवते. जुन्या टेबलांत खाते क्रमांक व्हारचारमध्ये (साध्या, युनिकोड नसलेल्या मजकुराच्या प्रकारात) असणार. डॉट नेटची स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, डॅपर एनव्हारचार (युनिकोड मजकूर) म्हणून पाठवतं. प्रकार जुळत नाही म्हणून सर्व्हर कॉलमच बदलून तुलना करू लागतो, आणि बऱ्याच जुन्या कोलेशनवर (अक्षरांच्या तुलनेच्या नियमांवर) इंडेक्स असूनही अख्खं टेबल चाळतो. दोनशे ओळींच्या टेस्ट डेटावर हे कधीच कळत नाही. अशा पॅरामीटरला डीबी-स्ट्रिंग वापरून तो व्हारचार आहे असं सांग. एंटिटी फ्रेमवर्कमध्येही मॉडेलमध्ये कॉलमचा प्रकार सांगितला नाहीस तर हेच होतं.

म्हणून सरसकट सगळं व्हारचार मात्र करू नकोस. सभासदांची नावं आता देवनागरीत येणार ना? ती एनव्हारचारमध्येच हवीत, नाहीतर पासबुकावर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग छापून येईल. व्हीबी सिक्सच्या काळातली नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये साठवलेली असतील तर आत रोमन अक्षरांचा गोंधळ असतो. ती युनिकोडमध्ये आणायचं काम वेगळं धर आणि त्याला वेळ दे. नावावरून आणखी एक आठवलं. वसई-भाईंदरकडचे सभासद असतील तर यादीत एखादा डि'मेलो, एखादी डि'सूझा असणार. जुन्या ॲपमध्ये नाव जोडून एसक्यूएल बनवलं जायचं, मधल्या त्या चिन्हावर क्वेरी तुटायची, आणि उपाय म्हणून लोकांच्या नावातलं चिन्हच काढून टाकलं जायचं. माणसाचं नाव आपल्या सोयीसाठी कापायचा आपल्याला काय हक्क? जिथून डि'मेलो आत जाताना अडखळतो, तिथूनच एसक्यूएल इंजेक्शन करणारा, म्हणजे नावाच्या जागी स्वतःचं एसक्यूएल घुसवणारा, सहज आत येतो. तिन्ही पद्धतींत पॅरामीटर लावायचे. एंटिटी फ्रेमवर्कच्या रॉ क्वेरीत तुकडे जोडलेस किंवा प्रोसिजरच्या आत स्ट्रिंग जोडून एक्झिक्युट केलंस, तर तीच फट पुन्हा उघडते.

पिग्मी एजंटांच्या मशीनवरून संध्याकाळी जो डेटा येतो, तो बल्क कॉपीने (सगळ्या ओळी एकदम भरायच्या सोयीने) आधी एका तात्पुरत्या टेबलात घे, तिथे तपास आणि मग मूळ टेबलात टाक. त्यात जास्त विचार करण्यासारखं काही नाही.

तू विचारलं नाहीस, तरी नुसतं एडीओ डॉट नेट, म्हणजे ज्यावर डॅपर आणि एंटिटी फ्रेमवर्क उभी आहेत तो खालचा थर, सगळीकडे का लिहू नये हे सांगते, कारण काका कधीतरी तेही म्हणतील. २००४ चा मार्च. एका संस्थेसाठी आम्ही वेब ॲप दिलं होतं आणि डेटा वाचायचा कोड मी लिहिला होता. खातं शोधायच्या एका फंक्शनमध्ये, खातं बंद झालेलं निघालं तर मधूनच परत फिरायचं असं मी लिहिलं, आणि त्या वाटेवर रीडर (क्वेरीच्या ओळी वाचून आणणारा) बंद करायचा राहिला. प्रत्येक बंद खात्यामागे एक कनेक्शन अडकून राहायचं. पूलची, म्हणजे कनेक्शनच्या साठ्याची, मर्यादा बदलली नाही तर १०० असते. एरवी दिवसभरात बंद खाती किती शोधतात? पण ३१ मार्चला सगळी जुनी खाती तपासायला काढली होती. दुपारी दीडच्या सुमाराला काउंटर थांबले. स्क्रीनवर टाइमआउट, पासबुकं हातात घेतलेली रांग जिन्यापर्यंत, आणि एक म्हातारे गृहस्थ मला विचारत होते, "बाई, माझी ठेव आहे ना पण?" दर वीस मिनिटांनी सर्व्हिस बंद-चालू करत आम्ही तो दिवस काढला. चूक रात्री साडेनऊला सापडली, एका ओळीची. एंटिटी फ्रेमवर्क काय किंवा डॅपर काय, रीडर उघडणं-मिटवणं स्वतःकडे घेतात. त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

आता साहेबांचं. त्यांना एकच पद्धत हवी आहे, कारण उद्या तू गेलास तर कोड कोण सांभाळेल ही त्यांची भीती आहे, आणि ती रास्त आहे. त्यांना सांग: फॉर्म आणि नोंदी एंटिटी फ्रेमवर्कमध्ये. शिल्लक बदलणारं आणि व्याज लावणारं सगळं प्रोसिजरमध्ये, गिटमध्ये ठेवून. मोठे अहवाल डॅपरमध्ये, एका वेगळ्या फोल्डरमध्ये. कुठली गोष्ट कुठे हे एका पानावर लिहून भिंतीला लावा. एका कामात दोन्ही एकत्र आलीच तर डॅपरला एंटिटी फ्रेमवर्कचंच कनेक्शन आणि तिचंच ट्रान्झॅक्शन दे. वेगळं कनेक्शन उघडलंस तर तुझं ॲप स्वतःच्याच लॉकवर अडून बसेल, आणि ३० सेकंदांनी टाइमआउट येईपर्यंत कोणाला कळणार नाही का. शिवाय टेस्ट करताना ऑफिसच्या नेटवर्कवर विसंबू नका. आठवड्यातून एकदा भांडुपच्या मशीनवरून चालवून बघा आणि प्रत्येक स्क्रीनमागे किती क्वेऱ्या गेल्या ते लिहून ठेवा.

हे सगळं सुरू करण्याआधी काकांसोबत दोन दुपारी बस. चहा तू सांग. त्यांच्या प्रोसिजर एकेक उघडून गिटमध्ये टाका, व्याजाची सगळ्यात आधी. तिच्यात अशी एखादी अट सापडेल जिचं कारण कुठेही लिहिलेलं नाही, लीप वर्षाचे दिवस मोजण्याची असेल, किंवा ३१ तारखेला उघडलेल्या आवर्त ठेवीची. ती का घातली ते विचार आणि त्यांच्याच शब्दांत कॉमेंट म्हणून लिहून ठेव. "मी सांगितलं होतं" म्हणणाऱ्या माणसाला आपलं काम कोणीतरी वाचतंय एवढं कळलं की तो बरंच सांगतो. त्या मुलीलाही सोबत बसव.

यादी बदललीस की भांडुपला किती सेकंद लागले ते मला कळव.